घरच्या कॉम्प्युटरला दोन प्रोसेसर: कोणती जोडी घ्यावी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. ड्रोन उडवून शेततळी, पाझर तलाव, खडीच्या खदानी, प्लॉटिंगचे ले-आउट यांचे नकाशे करून देतो. फोटो ओपनड्रोनमॅप या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे आणि त्यातून ऑर्थोफोटो (सगळे फोटो जोडून केलेला, वरून सरळ दिसणारा मापाचा फोटो), उंचसखल नकाशा काढायचा, हे सगळं घरच्याच कॉम्प्युटरवर चालतं. सध्याचं मशीन चार कोरचं, ३२ जीबी रॅमचं. लहान शेत असलं की निभतं. हजाराच्या पुढं फोटो गेले की रॅम भरते, आणि पहाटे उठून बघावं तर प्रोसेस मधेच मेलेली. गिऱ्हाईक तर सकाळीच फोन करतं.

दोन प्रोसेसरचं जुनं वर्कस्टेशन घ्यावं किंवा सुटा बोर्ड आणून जोडणी करावी असं डोक्यात आहे. मॉनिटर सोडून ६५-७० हजारांची तयारी आहे. झिऑनच्या, म्हणजे इंटेलच्या सर्व्हर-वर्कस्टेशनवाल्या प्रोसेसरांच्या, यादीत शिरलो तर ई५-२६७०, २६८० व्ही४, २६६७ व्ही४, २६९९ व्ही४ अशी रांगच लागली. कोणी म्हणतं कोर मोज, कोणी म्हणतं गिगाहर्ट्‌झ बघ. यातली कोणती जोडी घ्यावी? "दोन कशाला, एकच घे" हेही ऐकायला तयार आहे, पण कारणासकट सांगा.

खोली माळवदाची आहे, एसी नाही. लाइटचं तुम्हाला माहीतच आहे.

देवणी

जगात जर्मनी, भारतात परभणी! दोन प्रोसेसर शोभतातच तुम्हाला. बाकी जाणकारांची वाट बघतो.

पूर्णा_जंक्शन

नांदेडात जुनी वर्कस्टेशनं दुरुस्त करायचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी नावं वाचायला शिका, निम्मं काम तिथंच होतं. ई५ च्या पुढचा पहिला आकडा म्हणजे एका बोर्डावर जास्तीत जास्त किती प्रोसेसर चालतील. ई५-१६५० एकटाच चालतो, ई५-२६८० दोन चालतात, ई५-४६०० ची मालिका चारपर्यंत जाते. स्वस्तात मिळाले म्हणून १६५० चे दोन नग घेऊन येणारे लोक मी बघितलेत. ते दोन कधीच एकत्र चालणार नाहीत. कोअर आय७, आय९, रायझन, थ्रेडरिपर यांच्यातही दोनची सोय नाही. एएमडीत दोन हवे असतील तर एपिक, आणि त्यातही ज्याच्या नावाच्या शेवटी 'पी' आहे तो एकट्यापुरताच.

मग शेवटचा व्ही. नुसता २६७० म्हणजे पहिली पिढी, २०१२ ची. व्ही२ २०१३ ची, व्ही३ २०१४ ची, व्ही४ २०१६ ची. पहिल्या दोन पिढ्या एलजीए २०११ सॉकेटवर डीडीआर३ रॅम घेतात. व्ही३ आणि व्ही४ ला एलजीए २०११-३ सॉकेट लागतं आणि रॅम डीडीआर४. दोन्ही सॉकेटं दिसायला सारखी, पण एकाची चिप दुसऱ्यात बसत नाही.

व्ही१ आणि व्ही२ कडं बघूच नका. त्यात एव्हीएक्स२ (एका फटक्यात बरेच आकडे मोजायची सोय) नाही, ते व्ही३ पासून आलं. आजची बरीच सॉफ्टवेअरं ते धरून चालतात, आणि गणिताच्या कामात फरक पडतो.

राहिल्या व्ही४ च्या जोड्या. २६८० व्ही४ म्हणजे १४ कोर, २.४ गिगाहर्ट्‌झ, टर्बो (थोडेच कोर चालू असताना चढणारा वेग) ३.३ पर्यंत, १२० वॉट. २६६७ व्ही४ म्हणजे ८ कोर, ३.२ गिगाहर्ट्‌झ, टर्बो ३.६, १३५ वॉट. २६९९ व्ही४ म्हणजे २२ कोर, पण पायाचा वेग २.२ आणि १४५ वॉट. २६८० व्ही४ ची नवी किंमत २०१६ मध्ये १७४५ डॉलर होती. डेटा सेंटरवाल्यांनी ढिगानं काढून टाकल्यामुळं आज ती मातीमोल झालीय. माझं मत २६८० व्ही४ ची जोडी.

सिडको_एन७

पूर्णाभाऊंनी माहिती छान दिली, पण मी उलट बाजूनं बोलणार. २०१६ च्या दोन चिपा घेण्यापेक्षा त्यानंतरची एक चिप घ्या. रायझन ९ ५९५०एक्स: १६ कोर, १०५ वॉट, २०२० ची. एका कोरच्या वेगात जुनी झिऑन तिच्या जवळपासही येत नाही, आणि सगळे कोर लावले तरी २८ कोरांचा डोंगर तिच्यापुढं फार उंच दिसत नाही. बोर्ड साधा, कॅबिनेट साधं, पंखा एक.

दुसरं म्हणजे अ‍ॅमडालचा नियम, १९६७ चा. कामाचा जो भाग एकाच कोरवर चालतो तो कितीही कोर दिले तरी तेवढाच वेळ खातो. समजा तुमच्या कामातला ३० टक्के भाग असा आहे. एका कोरच्या तुलनेत १४ कोरांवर काम साधारण २.८६ पट वेगानं होईल. २८ कोरांवर ३.०८ पट. म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरनं वेग ८ टक्क्यांच्या आसपास वाढवला. त्या ८ टक्क्यांसाठी दुसरा हीटसिंक, दुप्पट रॅमकांड्या, मोठा बोर्ड आणि वाढलेलं बिल?

पूर्णा_जंक्शन

@सिडको_एन७ हिशोब बरोबर आहे, पण ३० टक्के हा आकडा तुम्हीच धरलात. तोच ५ टक्के धरा. मग १४ कोरांवर ८.५ पट आणि २८ वर जवळपास १२ पट. चाळीस टक्के फायदा झाला की! सगळं त्या एका आकड्यावर आहे, आणि तो गोदाकाठ यांनाच माहीत असणार.

गोदाकाठ

दोघांचंही पटतं. कोणता कोर किती राबतोय ते दाखवणारं सिस्टिम मॉनिटर लावून बघितलं ते सांगतो. फोटोतल्या खुणा शोधणं आणि त्या एकमेकांशी जुळवणं या टप्प्याला चारही कोर शंभर टक्क्यांवर असतात. त्यानंतर कॅमेऱ्याच्या जागा ठरवत एकेक फोटो जोडत नेण्याचा टप्पा येतो, तिथं एकच कोर पळतो आणि बाकीचे तीन बसून राहतात. मोठ्या कामात हा टप्पा बराच लांबतो. मग दाट पॉइंट क्लाउडला (जमिनीचे लाखो बिंदू काढायच्या टप्प्याला) परत सगळे कोर कामाला लागतात. रॅम तिथंच फुटते.

कापूसवेचा

गेमिंगला चालंल का दोन प्रोसेसरचं?

सिडको_एन७

@कापूसवेचा नाही चालणार. गेम थोड्याच कोरांवर चालतात आणि प्रत्येक कोर वेगाचा मागतात. त्या पैशात चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्या.

हवाअंदाज

मीही परभणीतच असतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरात बरीच वर्षं काढली, आता घरूनच डब्ल्यूआरएफवर हवामानाची मॉडेलं चालवतो. माझ्याकडं दोन २६८० व्ही४ चं मशीन आहे, म्हणून अनुभवाचं बोलतो.

इथं सगळे कोर आणि गिगाहर्ट्‌झवर भांडायलेत, रॅमच्या वाटांबद्दल कोणीच बोलत नाही. व्ही४ च्या प्रत्येक चिपला रॅमच्या चार वाहिन्या आहेत. डीडीआर४-२४०० लावली तर एका चिपला सेकंदाला ७६.८ जीबी, दोघांना मिळून १५३.६ जीबी. सिडको_एन७ यांच्या रायझनला दोनच वाहिन्या आहेत, डीडीआर४-३२०० लावली तरी ५१.२ जीबी. हवामानाचं मॉडेल असो की पाण्याच्या प्रवाहाचं, अशा कामात कोर बहुतेक वेळ रॅमची वाट बघत थांबलेला असतो. तिथं माझ्या जुन्या जोडीनं नव्या मशीनला मागं टाकलेलं मी स्वतः बघितलंय.

मात्र हे मिळवायला प्रत्येक प्रोसेसरच्या चारही वाहिन्यांत कांडी हवी, म्हणजे एकूण आठ कांड्या. अनेकजण ६४ जीबी म्हणून ३२ च्या दोन कांड्या घेतात आणि दोन्ही एकाच प्रोसेसरच्या बाजूला खोचतात. मग दुसऱ्या प्रोसेसरला प्रत्येक गोष्टीसाठी शेजाऱ्याच्या दारातून जावं लागतं. दोघांमधली क्यूपीआयची वाट आहे, पण ती स्वतःच्या रॅमइतकी रुंद नाही. आठ जीबीच्या आठ घ्या, पण आठच घ्या.

बायोसमध्ये 'नोड इंटरलीव्हिंग' बंद ठेवा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला कोणती रॅम कोणाची हे कळतं. लिनक्सवर न्यूमासीटीएलची हार्डवेअरवाली कमांड दिली की दोन नोड (एक प्रोसेसर आणि त्याची रॅम मिळून एक नोड) दिसले पाहिजेत आणि दोघांपुढं सारखी रॅम. एकापुढं शून्य दिसलं तर झाकण उघडून कांड्या परत लावा.

सराफा_गल्ली

वाचून बरं वाटलं. आमच्या तरुणपणी हाच वाद सेलेरॉनवर व्हायचा! १९९९ साली अ‍ॅबिट कंपनीचा बीपी६ नावाचा बोर्ड आला होता. साधे स्वस्त सेलेरॉन दोन-दोन लावता यायचे. इंटेलनं सेलेरॉन काही जोडीसाठी काढला नव्हता, पण लोकांनी चालवला. औरंगाबादला एका प्रेसमध्ये तो बोर्ड होता. मालकानं हौसेनं आणलेला. त्यावर विंडोज ९८ आणि पेजमेकर. विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसतच नाही, त्याला एनटी किंवा २००० लागायचं. लग्नपत्रिकांचा सीझन अख्खा एकाच प्रोसेसरवर निघाला, दुसरा नुसता ऊब देत बसला होता. पुढं कोणीतरी विंडोज २००० टाकून दिलं, तरी पेजमेकर एकाच प्रोसेसरवर चालायचं. फायदा एवढाच की एकीकडं मोठी फाइल प्रिंटरला जात असताना दुसरीकडं टायपिंग अडकायचं नाही. त्या ऑपरेटरला तेवढंच पुरेसं होतं, तो त्या मशीनवर दुसऱ्या कोणाला बसू द्यायचा नाही.

देवणी

@सराफा_गल्ली लग्नपत्रिकांवरून आठवलं, तेव्हाच्या त्या गणपतीच्या क्लिपआर्ट अजून कोणाकडं आहेत का? भाचीच्या लग्नाला तसलीच पत्रिका छापायचीय.

सराफा_गल्ली

आहेत माझ्याकडं, व्यनि (खासगी निरोप) करा.

पूर्णा_जंक्शन

सराफा काकांचा मुद्दा आजही लागू आहे. विंडोज होम एडिशन एकच प्रोसेसर वापरते. दोन सॉकेटसाठी प्रो लागते. कोरांची संख्या भलेही कितीही असो, होम टाकली की दुसरी चिप वाया. आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ही जुनी झिऑन नाहीतच, तर विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्सवर काम करत असाल तर हा सगळा त्रासच नाही.

२६९९ व्ही४ बद्दल राहिलं होतं. दोन मिळून ४४ कोर, ८८ थ्रेड (प्रत्येक कोर एकावेळी दोन कामं धरतो). विंडोज ६४ च्या वर थ्रेड गेले की त्यांचे गट पाडते आणि काही जुनी सॉफ्टवेअरं एकाच गटात अडकून बसतात. २६८० व्ही४ च्या जोडीचे ५६ थ्रेड होतात, एका गटात मावतात.

मांजराकाठ

लातूरकर बोलतोय. प्रोसेसर कोणता घ्यायचा ते घ्या, पण लाइटचा हिशोब आधी करा.

दोन १२० वॉटच्या चिपा म्हणजे २४०. त्यात बोर्ड, आठ कांड्या, डिस्क, पंखे, बेताचं ग्राफिक्स कार्ड. भरल्या कामात ४०० वॉट धरून चला. रोज दहा तास चाललं तर ४ युनिट, महिन्यातले २५ दिवस म्हणजे १०० युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० च्या पुढं आणि ३०० च्या पुढं दर चढतो, म्हणजे हे १०० युनिट तुमच्या आत्ताच्या वापराच्या वर, महागड्या टप्प्यात मोजले जाणार. आणि ही मशीनं रिकामी बसली तरी खातात. १३० वॉटनं चोवीस तास नुसतं चालू ठेवलं तरी महिन्याला नव्वदच्या वर युनिट जातात. काम संपलं की बंद करायची सवय लावा.

इन्व्हर्टर असेल तर शुद्ध साइन वेव्हचाच पाहिजे. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज एकसारखी ओढणारं सर्किट) असतं, स्क्वेअर वेव्हवर तो कुरकुरतो, कधी कधी लाइट जाताक्षणी बंदच पडतो. १२ व्होल्ट १५० एएचच्या एका बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात. ४०० वॉटवर प्रत्यक्षात तीन तास मिळाले तरी खूप, बॅटरी जुनी असेल तर तेही नाही. त्या भरवशावर रात्रभराचं काम लावू नका.

आणि अर्थिंग! जुन्या वाड्यात तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसऱ्या भोकात वायरच नसते. वायरमन बोलवा, मीटरजवळ नवी अर्थिंग घालून घ्या, मगच मशीनची पिन लावा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा, आपल्याकडची जमीन मे महिन्यात पार कोरडी पडते.

सिडको_एन७

@मांजराकाठ अगदी बरोबर. म्हणूनच म्हणायलोय, १०५ वॉटची एक चिप.

लालकंधारी

सगळं वाचलं. सिडको_एन७ एका कामाचा हिशोब करायलेत. गोदाकाठ यांच्याकडं एकच काम नसतं. हंगामात पाच-सहा गावांचे फोटो एकदम येऊन पडतात ना?

मी कंधारकडचा, मोजणीचंच काम करतो. माझी पद्धत सांगतो. ओपनड्रोनमॅपचा नोडओडीएम नावाचा भाग असतो, जो काम घेऊन चालवतो. मी डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगवेगळ्या डब्यांत चालवायची सोय) दोन नोडओडीएम चालू ठेवतो. पहिल्याला पहिल्या प्रोसेसरचे कोर आणि त्याच्याच बाजूची रॅम बांधून दिलेली, दुसऱ्याला दुसऱ्याची. डॉकरला सीपीयूसेट-सीपीयूज आणि सीपीयूसेट-मेम्स असे दोन पर्याय देता येतात, बाकी काही करावं लागत नाही. वर क्लस्टरओडीएम बसवलं की नवं काम आपोआप रिकाम्या नोडओडीएमकडं जातं.

यानं काय होतं बघा. पहिल्या गावाचं काम त्या एका कोरवर रेंगाळणाऱ्या टप्प्यात असतं, तेव्हा दुसऱ्या गावाचं काम दुसऱ्या प्रोसेसरवर सगळे कोर लावून चाललेलं असतं. कोणी कोणाच्या रॅममध्ये तोंड घालत नाही, क्यूपीआयची वाट लागतच नाही. अ‍ॅमडालचा नियम एका कामाला लागू होतो. दोन वेगवेगळी कामं एकमेकांसाठी थांबत नसतात.

एकच अवाढव्य काम आलं, तर ते स्प्लिटच्या पर्यायानं तुकडे करून दोन्ही नोडना वाटता येतं. शेवटी तुकडे जोडले जातात. रॅमही कमी लागते.

हवाअंदाज

@लालकंधारी वा! हे मला सुचलं नव्हतं. मी मॉडेल दोन्ही प्रोसेसरवर पसरून चालवतो, कारण माझं काम एकच आणि मोठं असतं. तुमचं एकदम वेगळं.

@गोदाकाठ, एक काम करा. तुमचे फोटो हार्ड डिस्कवर घेऊन रविवारी माझ्याकडं या. तुमचंच काम माझ्या मशीनवर चालवून बघू. दुसऱ्याच्या आकड्यांवर ७० हजार घालायचं कारण नाही.

गोदाकाठ

@हवाअंदाज येतो. व्यनि केलाय.

बालाघाट

बीडहून. माळवदाच्या खोलीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

माळवद थंड असतं हे खरं, पत्र्याच्या खोलीपेक्षा लाख पटीनं बरं. पण वरून माती गळते. बारीक, पिठासारखी पांढरी माती. कॅबिनेटच्या वरच्या जाळीतून ती थेट हीटसिंकच्या पात्यांमध्ये जाऊन बसते आणि दमट हवा लागली की तिचा थर होतो. आमच्याकडं एक मशीन उघडलं तर पात्यांमधून उजेड दिसत नव्हता. वरून जाळी असलेलं कॅबिनेट घेऊ नका. खोलीला वरून जाड प्लास्टिक किंवा कापडाचं छत बांधा. पुढच्या पंख्याला धुता येणारी जाळी लावा आणि दर पंधरवड्याला झटका.

दुसरं कूलर. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोली चांगली थंड करतो आणि खोली दहा अंशांनी थंड झाली की चिपही जवळपास तेवढीच थंड चालते. त्यामुळं कूलर लावाच, पण मशीन त्याच्या झोताच्या समोर नको. बोअरचं पाणी जड, क्षाराचं. झोतातून तुषार येतात, वाळले की बोर्डावर पांढरे ठिपके राहतात. कूलर एका कोपऱ्यात, मशीन दुसऱ्या, मधली खिडकी थोडी उघडी.

मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की मोठी कामं रात्री अकराला लावायची. लाइटही तेव्हा जरा बरी असते.

देवणी

माळवदाखाली मशीन, मग माणसं कुठं झोपणार ते विचारा आधी. दोन-दोन हीटसिंकचे पंखे आवाज करतात म्हणे.

पूर्णा_जंक्शन

@देवणी ब्रँडेड वर्कस्टेशनचा आवाज तितका नसतो. खरा आवाज रॅक सर्व्हरचा असतो. स्वस्त म्हणून पातळ सर्व्हर घरी आणू नका, त्याच्या छोट्या पंख्यांचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू येतो.

आता खरेदीचं. सुटा बोर्ड घेऊन जोडणी करायची तर दोन सॉकेटचे बरेच बोर्ड एसएसआय-ईईबी मापाचे असतात, १२ बाय १३ इंच. साध्या एटीएक्स कॅबिनेटात बसत नाहीत. पॉवर सप्लायला प्रोसेसरसाठीच्या आठ पिनांच्या दोन जोडण्या लागतात. म्हणून मी लोकांना आख्खं जुनं वर्कस्टेशन घ्या म्हणतो: डेल प्रिसिजन टी७८१०, एचपी झेड८४०, त्या वर्गातलं. झेड६४० घेत असाल तर लक्षात ठेवा, त्यात दुसरा प्रोसेसर वेगळ्या रायझर कार्डावर बसतो. ते कार्ड सोबत आहे का विचारा, नंतर शोधत फिरावं लागतं. एकच प्रोसेसर लावलेलं मशीन घेतलं तर दुसऱ्याचा हीटसिंकही त्याच मॉडेलचा मिळवावा लागतो.

बोर्ड व्ही३ च्या काळातला असेल तर व्ही४ लावण्याआधी बायोस नवा आहे ना ते बघा. नाहीतर स्क्रीन काळीच राहते आणि लोक चिप खराब म्हणून परत करतात.

जोडी सारखी पाहिजे. मॉडेल तेच, आणि चिपच्या झाकणावर 'एसआर' नं सुरू होणारा कोडही तोच. बैलजोडी लावताना चाल बघतात तसं. झाकणावर 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' आणि 'क्यू' नं सुरू होणारा कोड दिसला तर ती नमुन्याची चिप आहे, बाजारात विकायला काढलेलीच नव्हती. काही बोर्डांवर चालते, काहींवर नाही. एका विक्रेत्यानं आमच्या गिऱ्हाइकाला अशी जोडी २६८० म्हणून दिली होती, वेग कमी निघाला आणि पैसे परत मिळाले नाहीत. पैसे देण्याआधी झाकणाचा स्पष्ट फोटो मागा.

सॉकेटमधल्या पिना टॉर्च मारून तिरक्या बघा. एक जरी वाकडी असली की रॅमची एखादी वाहिनी गायब होते. मशीन चालू होतं, म्हणून लोकांना कळत नाही.

कापूसवेचा

मग आम्ही रॅम आत्ता घ्यावी की थांबावं? २०२५ च्या शेवटापासून भाव लई चढलेत.

पूर्णा_जंक्शन

@कापूसवेचा म्हणूनच मशीनसोबत रॅम असलेलीच घ्यायची. ही मशीनं रजिस्टर्ड ईसीसी (चुका दुरुस्त करणाऱ्या, सर्व्हरच्या) कांड्या घेतात. त्या साध्या डेस्कटॉपला चालत नाहीत, त्यामुळं त्यांची मागणी वेगळी. विक्रेता कांड्या काढून ठेवत असेल तर सौदा सोडा.

सिडको_एन७

रॅमच्या बाबतीत मी मान्य करतो, जुन्या वर्कस्टेशनला तोड नाही. रायझनच्या त्या बोर्डांवर १२८ जीबीची मर्यादा आहे आणि तेवढी घ्यायची तर या बजेटमध्ये बसत नाही. टी७८१० मध्ये ३२ च्या आठ कांड्या, २५६ पर्यंत जाता येतं. पण एकावेळी एकच काम असणाऱ्या कोणालाही मी अजूनही एकच चिप सांगेन.

गोदाकाठ

रविवारी हवाअंदाज यांच्याकडं जाऊन आलो. चहा, पोहे आणि दिवसभर तेच काम. तळ्याच्या एका मोठ्या फोटोसंचावर तीन प्रकारे चालवलं.

आधी काम एकाच प्रोसेसरला बांधलं, चौदा कोर. मग तेच काम दोन्ही प्रोसेसरवर मोकळं सोडलं. वेळ थोडा कमी झाला, पण दुसऱ्या चिपच्या मानानं अगदीच थोडा. खुणा शोधताना आणि पॉइंट क्लाउडला फरक दिसला. मधल्या जोडणीच्या टप्प्याला दोन्हीकडं तेवढाच वेळ लागला. सिडको_एन७ यांचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं.

मग लालकंधारी यांच्या पद्धतीनं दोन नोड लावले, दोन गावांचे दोन संच एकदम. दोन्ही कामं जवळपास तेवढ्याच वेळात संपली, जेवढ्यात आधी एक व्हायचं. रॅम १२८ होती, कुठंही भरली नाही.

२६६७ व्ही४ चा विचार सोडला. एका कोरच्या टप्प्यात ३.६ आणि ३.३ मधला फरक मिळेल, पण बाकीच्या सगळ्या टप्प्यांत चौदाच्या जागी आठ कोर राहतील. २६९९ व्ही४ ला पैसे जास्त, वॉट जास्त, आणि माझ्या रेंगाळणाऱ्या टप्प्याला काहीच मिळत नाही. २६८० व्ही४ ची जोडी नक्की. लिनक्सवरच चालवणार.

आता मशीन कुठून घ्यावं? पुणे-मुंबईहून कुरिअरनं मागवायला मन धजत नाही.

लालकंधारी

हैदराबाद! सिकंदराबादच्या पार्कलेनला चिनॉय ट्रेड सेंटर आहे, सगळं कॉम्प्युटरचंच मार्केट. परभणीहून देवगिरी एक्सप्रेस थेट जाते. समोर चालवून घ्यायचं, दोन्ही नोड आणि सगळी रॅम दिसल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. जाताना लिनक्सचा पेनड्राइव्ह सोबत न्या, त्यावरून बूट करून बघा.

पूर्णा_जंक्शन

आणि परत येताना हीटसिंक मशीनवर ठेवून रेल्वेनं आणू नका. दोन जड हीटसिंक धक्क्यांनी बोर्ड ओढतात. दुकानातच उतरवून घ्या, सॉकेटवर झाकणं लावा, चिपा वेगळ्या डबीत ठेवा. नांदेडला उतरलात तर मी पेस्ट लावून, हीटसिंक बसवून, दोन तास भरल्या कामावर चालवून देतो. पेस्ट माझी.

हवाअंदाज

@गोदाकाठ जाल तेव्हा मला सांगा, मलाही १६ च्या चार कांड्या घ्यायच्यात. डीडीआर४-२४००, रजिस्टर्ड, चारही एकाच कंपनीच्या.

गोदाकाठ

पुढच्या आठवड्यात निघतो. @मांजराकाठ, वायरमनला सांगून अर्थिंगचा खड्डा आजच खोदला. @बालाघाट, छताला शेडनेट चालेल की प्लास्टिकच पाहिजे?

बालाघाट

शेडनेटमधून माती गळते. प्लास्टिकच घ्या, शेततळ्याला वापरतात तसलं जाड.